कणगीची जागा

विधवेनं गादीवर बसू नये. घोंगडी घ्यावी, भिंतीला पाठ टेकू नये, आणि पुढ्यात जे येईल ते निवडत राहावं, अशी आमच्याकडची रीत होती. चांदूरचं सासर सुटून मी हिवरखेडला माहेरी आले तेव्हा विशीही ओलांडली नव्हती, पण ही रीत मला तोंडपाठ होती. आमच्या घराण्यात पाट लावत नसत, म्हणजे दुसऱ्या लग्नाचा प्रश्नच नव्हता. उरलेला जन्म दादाच्या घरी काढायचा होता. आणि दादानं काय करावं? मला गादी दिली, उजेड दिला, वर पुस्तक दिलं. इतकं दिलं की ते मला आजही पेलत नाही.

लिहिताना मी अशी पुस्तकी लिहिते, बोलताना मात्र आमची वऱ्हाडीच. पुण्याकडची माणसं विचारतात, तुम्ही बोलता की भांडता? आम्ही दोन्ही एकदमच उरकतो.

तेव्हा वऱ्हाडात कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती, तिथला कापूस अडला होता, आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या बोंडांवर नजर लावून बसल्या होत्या. कोण लढतंय, कशापायी, आम्हाला काय ठाऊक! आमची माय रोज देवापुढं हात जोडायची, "लढाई चालू राहू दे रे बाबा." तिकडे लेकरंबाळं मरत असतील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी मागून "हो रे बाबा" म्हणायची.

भाव चढला तसं सगळ्या गावानं ज्वारी मोडून कापूस पेरला. आमच्या माजघराच्या टोकाला एक मोठी कणगी होती, तुराट्यांची विणलेली, शेणानं सारवलेली, माणसाहून उंच. तिच्यात वर्षाची ज्वारी राहायची. त्या साली ती तळापर्यंत रिकामी झाली आणि भरायला शेतात ज्वारीच नव्हती. उंदीर माजले म्हणून दादानं ती उचलून गोठ्यात नेली. मागं भिंतीच्या बेचक्यात जागा मोकळी झाली, दोघं मांडी घालून बसतील एवढी. खालची जमीन बाकी घरापेक्षा गार लागायची. मी रोज तिथं जाऊन उगाच बसायची, कारण साऱ्या घरात तेवढीच जागा कोणाची नव्हती.

दादाला पंतोजींनी बालबोध आणि मोडी दोन्ही शिकवलं होतं. मी तिथं बसते हे पाहून एके दिवशी तो म्हणाला, "बसूनच राहिली तं वाचत बस." मायच्या हातातलं सूप थांबलं.

"बाईनं अक्षर वाचलं का कुंकू पुसल्या जाते, मालूम नाई तुले?"

"तिचं पुसल्या गेलंच हाये, माय. आता अक्षर तिचं काय करंन?"

हे तो प्रेमानंच बोलला. मला हसू आलं आणि रडूही आलं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "माय, तू तं जन्मात एक अक्षर वाचलं नाई. मंग बाबा काहून गेले? अन् मी तरी कुठं वाचलं होतं?" मायनं सूप माझ्या अंगावर भिरकावलं. ज्वारी विकत आणलेली, ती सगळ्या माजघरभर झाली. वहिनी खाली बसून एकेक दाणा वेचू लागली, आणि वेचता वेचता माझ्याकडे पाहत राहिली. तिनं माझं ते बोलणं किती जपून ठेवलं होतं ते मला पुढं कळलं.

दादाजवळ मी अक्षर भराभरा शिकले. मग दादानं त्या जागेचं सोनंच केलं. गवंड्याकडून भिंतीला वरच्या बाजूला झरोका पाडून घेतला. अकोल्याहून येताना एक लाकडी रेहल आणली, मुसलमान घरात कुराण ठेवायला असते तशी, उघडझाप होणारी. कोनाडा सारवून त्यात छापील पोथी आणि गोष्टींचं एक पुस्तक ठेवलं. आणि शेवटी पिंजाऱ्याला बोलावून घरच्या कापसाची गादी भरायला सांगितली.

पिंजारी धनुकली खाली ठेवून माझ्याकडं पाहायला लागला. "बाई, ये कपास आज चांदी के भाव जा रही, और तुम इसपे बैठोगे?"

"मी कुठं म्हटलं बसतो म्हणून! दादाले विचारा," मी चिडून म्हटलं.

माय तर आकाशपाताळ एक करून राहिली. रांडव बाईला गादी! लोक तोंडात शेण घालतील! दादा म्हणाला, "लोकाईले म्हणा, पयले सोताच्या तोंडातलं थुका." गादी झाली. पहिल्या दिवशी मी तिच्यावर बसले ती अगदी काठाला, उठायच्या बेतात असल्यासारखी. दुसऱ्या दिवशी थोडी आत सरकले. आठवडा झाला नाही तोच मी भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून, पुस्तकात बुडून जायला लागले. सुखाला माणूस किती लवकर सरावतं!

आणि वहिनी? मी बसलेली असताना अंगणातल्या पडवीत तिचा रेचा चालू असायचा. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचं हातयंत्र. दांडा फिरवून फिरवून तिचे खांदे भरून यायचे, केसांत कापसाचे तंतू अडकायचे. ते कुरकुरणं माझ्या झरोक्यातून आत यायचं. मी मध्येच पान मिटून म्हणायची, "वयनी, मी येऊ का फिरवाले?" ती म्हणायची, "तुमी वाचा, बाई." मी पुन्हा विचारत नसे. एकदा विचारलं म्हणजे माझं काम झालं असं मी धरून चालायची. वर ती मला तांब्याभर पाणी आणून द्यायची, त्याच जागी.

एका दुपारी माय मारुतीच्या देवळात वाती वळायला गेली होती. मी एका लबाड गोसाव्याची गोष्ट वाचत होते आणि एकटीच खिदळत होते. डोकं वर केलं तर वहिनी समोर उभी.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. तुमी एकल्या बसून हासून राहिल्या."

"या, सांगतो तुमाले गोष्ट."

"सांगू नका." ती खाली बसली, गादीवर नाही, जमिनीवर. "सांगसान तं मी तुमच्यासंगं हासन. मले एकलं हासायचं हाये. या घरात मी लगन होऊन आली तवापासून एकली कदी बसलीच नाई. शिकवा मले."

मी घाबरले, हे कबूल करते. ती म्हणाली, "तुमीच तं म्हणे का ते खोटं हाये. सासूबाईनं कुठं वाचलं होतं?" माझंच बोलणं तिनं माझ्या पदरात घातलं. लोकांपुढं शहाणपण मिरवलेलं, आता मागं कशी फिरू? मी हो म्हटलं. आणि खरं सांगते, ती तिथं माझ्या शेजारी बसली तेव्हा त्या गादीवर पहिल्यांदा मला अपराधी वाटलं नाही.

पाटी आणली तर मायला कळणार. मग युक्ती काढली. परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं, त्यात बोटानं अक्षर काढायचं. कोणी आलं की हात फिरवायचा. भाकरी करणाऱ्या बाईपुढं परातीत पीठ, यात कोणाला काय दिसणार? संध्याकाळी त्याच पिठाच्या भाकरी व्हायच्या. "तुमचे दादा आज माहा 'ळ' खाऊन राहिले," असं वहिनी चुलीजवळ माझ्या कानात सांगायची आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसायचो. दादा विचारायचा, काय झालं वं तुमाले? काय सांगणार, कप्पाळ!

अक्षरं जुळायला लागली तेव्हा मी विचारलं, "वयनी, पयला शब्द कोणता काढता?" मला वाटलं श्री काढेल, नाही तर तिच्या लेकीचं नाव. ती लाजून लाल झाली. मग तिनं दादाचं नाव काढलं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेईल तेवढंच, तेही लपवून छपवून. जे तोंडानं म्हणता येत नव्हतं ते तिनं बोटानं म्हटलं. वाकडंतिकडं, काना भलतीकडे गेलेला, पण नाव पुरतं होतं. ती त्याच्याकडे पाहतच राहिली.

"काना चुकला," मी म्हटलं. "पुसा, अन् पुन्ना काढा."

मी म्हटलं, पुसा. तिनं पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. इतक्यात मायच्या वाहणा वाजल्या, वहिनीनं घाईघाईनं पिठात पाणी ओतलं आणि मळायला घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कापसाच्या गाड्या अकोल्याला निघायच्या होत्या. त्या पिठाच्या भाकरी दादाच्या शिदोरीत गेल्या.

अकोल्याच्या बाजारात तेव्हा गाडीला गाडी लागून राहायची. माणसं उघड्यावर झोपायची, मिळेल ते पाणी प्यायची, आणि उलटी-जुलाबाची पटकी पसरायची. दादाला परत आणला तो रिकाम्या गाडीत आडवा घालून. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. गाडीवाल्यानं वाटेतल्या एका गावचा माणूस त्यातच गेल्याचंही सांगितलं. माय ऊर बडवत मरीआईकडे धावली.

वहिनी रडली नाही. तिनं चूल पेटवली, पाणी उकळलं, वैद्यानं सांगितलेला काढा चढवला, घाणेरडी लुगडी-धोतरं काढून भिजवली. हात थांबत नव्हते तिचे. नुसती उभी होते ती मी. मी कणगीच्या जागी जाऊन बसले, तर समोर ती परात भिंतीला टेकवून ठेवलेली. आणि मला एकाएकी दिसलं, नाव, त्यावरून फिरलेला हात, आणि ती भाकरी. पुसा, असं मीच म्हटलं होतं. कुंकू पुसल्या जाते, असं माय म्हणत होती. 

मी उठून चुलीजवळ गेले. "वयनी, अक्षर सोडा."

तिनं वर पाहिलं. "काय?"

"अक्षर सोडा म्हटलं. आत्ताच. देवापुढं हात जोडून बोला का पुन्ना शिवणार नाई."

"काहून? तुमीच म्हणे ना ते खोटं हाये?"

"मले काय मालूम खोटं का खरं!" मी ओरडलेच तिच्यावर. "तुमी त्याचं नाव पुसलं, वयनी! पिठातून पुसलं अन् त्याले खाऊ घातलं!"

तोवर तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. देवाशपथ नव्हती. नवरा आजारी आहे आणि त्याला वाचवायचा आहे, एवढंच होतं. भीती मी तिला दिली, जशी ती मला तांब्या द्यायची तशी, हातात नेऊन. ती पांढरीफटक पडली. उठली, देव्हाऱ्यापुढं गेली, जमिनीला कपाळ टेकवलं. "सोडलं," एवढंच म्हणाली, आणि परत येऊन काढा ढवळायला लागली.

दुसऱ्या दिवशी दादाच्या पोटात पेज ठरली.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ही म्हण मला काय ठाऊक नव्हती? उकळलेलं पाणी, वैद्याचा काढा, वहिनीचे ते न थांबणारे हात, या सगळ्यानं तो वाचला. पण ते आता कोण मानणार? तो तसाच खालावत राहिला असता तर मी म्हणू शकले असते, पाहा, अक्षर सोडून काही झालं नाही. तो बरा झाला आणि माझं तोंड बंद झालं. भाऊ बरा होतोय आणि बहिणीच्या मनात हा हिशेब! असली मी.

अंगात थोडी ताकद आल्यावर दादा दुपारी माझ्या गादीवर येऊन पडायचा, झरोक्याचं ऊन बरं वाटे म्हणून. एकदा वहिनी त्याला पेज द्यायला आली तेव्हा तो म्हणाला, "तू बी शीक ना वं वाचाले. घरात पुस्तक हाये, शिकवणारी हाये. मायचं मी पाहून घेतो." लोकांचे नवरे नाही नाही म्हणतात. आमच्या दादानं आपण होऊन म्हटलं, आणि नेमकं तेव्हा.

वहिनीनं वाटी खाली ठेवली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा हसून म्हणायचं होतं, अरे, ती शिकलीच आहे, विचार तिला. मी म्हटलं, "दादा, पेज निवून राहिली."

"नाई बा," वहिनी म्हणाली. "मले नाई येत ते असलं."

त्यानंतर मी तिला वाचून दाखवायला लागले. तेवढं तरी करावं म्हणून. मी गादीवर, रेहलीवर पुस्तक, आणि वहिनी माझ्याकडं पाठ करून उंबऱ्याशी बसायची, सरकी निवडत. मला आधी वाटलं उजेडासाठी बसते. मग एकदा तिला काही द्यायला मी उघडं पुस्तक हातात घेऊनच तिच्यासमोर गेले, तर तिनं गच्च डोळे मिटून घेतले. तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. आलेलं अक्षर परत जात नाही. पान दिसलं की डोळे आपोआप वाचणार, म्हणून ती पानाकडे बघतच नव्हती. गोष्टीत हसण्यासारखं आलं की ती हसायची. पण मी वाचल्यावर, माझ्यामागून.

मला तिथं बसवेना. एके दिवशी मी गादी गुंडाळून ठेवली आणि घोंगडी अंथरून ओसरीवर निवडायला बसले. संध्याकाळी पाहते तर गादी पुन्हा अंथरलेली, कोनाडा झाडलेला, रेहल पुसलेली.

"काहून जागा टाकली, बाई?" वहिनी म्हणाली.

"मले नाई गोड लागत."

"बसा. दोघीतून एकीनं तं बसा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते, भांडता मला चांगलं येतं. मी मुकाट्यानं जाऊन बसले. पुढं बसतच राहिले, कितीतरी पुस्तकं वाचली. या गोष्टी कशा घडतात, पटकी कशानं होते, बायका शिकल्यानं नवरे मरत नाहीत, हेसुद्धा छापील वाचलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

अकोल्याला आगगाडी सुरू झाल्यावर दादा आम्हाला ती दाखवायला घेऊन गेला. लढाई तोवर संपली होती, कापसाचा भाव उतरला होता, तरी स्टेशनात दाबून बांधलेल्या गठाणींचे ढीग पडलेले होते. दादा थोड्या अंतरावर एका हमालाशी हुज्जत घालत होता. वहिनीच्या कडेवर धाकटं पोर. लोहमार्गाच्या टोकाला धूर दिसला तसं सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या, आणि माझ्या कानाशी कोणीतरी हळूच म्हणालं, "अ... को... ला."

मी वळून पाहिलं. समोर नवी रंगवलेली पाटी होती, वर साहेबाची अक्षरं, खाली आपली बालबोध. वहिनीची नजर तिच्यावर खिळली होती आणि ती हसत होती. कोणाशी नाही, कोणामागून नाही, एकटीच हसत होती. तसं हसताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही.

मग तिला कळलं आपण काय केलं ते. चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं झटकन दादाकडं पाहिलं, पागोट्यापासून वाहणांपर्यंत.

दादा हमालावरून नजर काढून म्हणाला, "काय पाहून राहिली वं?"

"काई नाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. "वाचा, वयनी, काई होत नाई." एवढं मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं, कारण त्या घरात अक्षराच्या बाबतीत माझाच शब्द चालत होता. पण मी तिच्याकडं पाहत नव्हते. मीसुद्धा दादाकडंच पाहत होते, तो ठीक आहे ना म्हणून.